कॅपची वही: अमेरिकन फुटबॉल संघाचे करार कसे सांभाळायचे

अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या खेळाच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये, मालक कितीही गब्बर असो, खेळाडूंवरचा खर्च ठरलेल्या आकड्याच्या वर दाखवता येत नाही. हीच सॅलरी कॅप. १९९४ साली ती लागू झाली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ ला २५ कोटी ५४ लाख झाली आणि २०२५ ला २७ कोटी ९२ लाख. बत्तीसही संघांना एकच आकडा.

दहा-बारा मित्रांनी एकेक संघ वाटून घेतला, एक जळगावला, एक शिरपूरला, एक नोकरीपायी पुण्यात, आणि खऱ्या करारांवर आपली कागदावरची लीग चालवायची ठरवली, तर खेळाडू निवडायला दोन रात्री पुरतात. लोक अडकतात ते हिशेबात, आणि तेही नेहमी एकाच जागी: खेळाडूच्या हातात पैसे कधी पडले आणि कॅपमध्ये ते कधी मांडले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात येत नाही.

केळीला ठिबक बसवताना पैसे एकदाच जातात. पण वही नीट ठेवणारा शेतकरी तो खर्च पुढच्या चार-पाच वर्षांच्या पिकांवर वाटून धरतो. तिसऱ्याच वर्षी नळ्या उपटून टाकायची वेळ आली, तर उरलेल्या वर्षांचा वाटा त्याच वर्षाच्या अंगावर येतो. एनएफएलचा साइनिंग बोनस, म्हणजे सही करतानाच मिळणारी रक्कम, नेमका असाच चालतो.

वही कशी आखायची

एक्सेल असो की साधं रजिस्टर, प्रत्येक खेळाडूला एक ओळ आणि प्रत्येक वर्षाला पाच रकाने द्या: मूळ पगार, बोनसचा त्या वर्षाचा वाटा, इतर बोनस, या सगळ्यांची बेरीज (कॅप हिट), आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला खेळाडू सोडला तर अंगावर येणारी रक्कम (डेड मनी). बहुतेक जण पाचवा रकाना आखत नाहीत. सगळी फजिती तिथूनच सुरू होते, कारण खेळाडू महाग आहे की नाही हे चौथा रकाना सांगतो, पण त्याला सोडणं परवडेल का हे फक्त पाचवा सांगतो.

रोख रक्कम वेगळ्या पानावर लिहा. कॅपच्या पानावर रोखीचा आकडा कधीही घालू नका.

एक करार, आकड्यांसकट

चार वर्षं, एकूण ४०० लाख डॉलर. त्यातले १६० लाख साइनिंग बोनस म्हणून सही करतानाच खेळाडूला मिळतात. मूळ पगार पहिल्या वर्षी २० लाख, मग ६०, मग ८० आणि ८०.

बोनस कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. इथे वर्षं चार, म्हणून दर वर्षी ४० लाख. कॅप हिट पडते अशी: ६०, १००, १२०, १२०. बेरीज ४००. ही बेरीज प्रत्येक कराराला जुळवून पाहा. खेळाडूला दिलेला प्रत्येक डॉलर कधी ना कधी कॅपमध्ये दिसतोच. नाही दिसला तर चूक वहीत आहे.

आता सोडायची वेळ आली असं धरा. पहिलं वर्ष संपताच सोडलात, तर बोनसचे उरलेले तीन वाटे, म्हणजे १२० लाख, दुसऱ्या वर्षात एकदम पडतात. ठेवला असता तर हिट १०० लाखच होती. म्हणजे खेळाडू गेला आणि वर २० लाखांचा खड्डा पडला. दोन वर्षांनी सोडलात तर ८० लाख डेड मनी आणि १२० च्या हिटमधून ४० लाखांची सुटका. दरवाजा उघडतो तो इथे. करारावर सही करण्याआधीच हे वर्ष पेन्सिलीने गोल करून ठेवा.

मूळ पगाराची हमी दिलेली असेल तर ती रक्कमही डेड मनीत धरा. नुसता बोनसचा वाटा मोजून "वाचले ४० लाख" म्हणणाऱ्याच्या वहीत हमीची ओळ हमखास राहून गेलेली असते.

खेळाडू दुसऱ्या संघाला दिला तरी बोनसचे उरलेले वाटे जुन्याच संघाकडे राहतात. घेणारा संघ फक्त पुढचा मूळ पगार उचलतो. लीगमध्ये अदलाबदल होते तेव्हा दोन्ही वह्यांत नोंद त्याच रात्री करा, नाहीतर ते ८० लाख कोणाच्याच पानावर राहत नाहीत आणि महिन्याभराने भांडण उभं राहतं.

१ जूनची तारीख

१ जूननंतर सोडलेल्या खेळाडूचा फक्त त्या वर्षाचा वाटा चालू वर्षात पडतो, बाकीचे पुढच्या वर्षात. वरच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षी ४० आणि चौथ्या वर्षी ४० लाख. यंदाची सुटका ४० ऐवजी ८० लाख. मार्चमध्येच सोडून "१ जूननंतरचा" असा शिक्का मारायची सवलत प्रत्येक संघाला वर्षाला दोन खेळाडूंपुरती आहे.

मोठी चूक होते ती इथे. शिक्का मार्चमध्ये मारला तरी जागा मार्चमध्ये मिळत नाही. त्या खेळाडूची पूर्ण १२० लाखांची हिट जून उजाडेपर्यंत कॅपवर बसून राहते. मार्चच्या खरेदीसाठी ते पैसे धरलेत तर हिशेब फसलाच म्हणून समजा. ती जागा ड्राफ्टमधून (कॉलेजातून नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतून) आलेल्या मुलांच्या करारांना आणि ऑगस्टमधल्या दुखापतींना कामी येते.

डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने रसेल विल्सन या खेळाडूशी २०२२ मध्ये मोठा नवा करार केला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला हाच शिक्का मारून सोडलं. ८ कोटी ५० लाख डॉलरचं डेड मनी दोन वर्षांत विभागलं गेलं: २०२४ ला सुमारे ५ कोटी ३० लाख, २०२५ ला सुमारे ३ कोटी २० लाख. ओझं दोन हप्त्यांत आलं, पण आलं सगळंच.

रिस्ट्रक्चर: जागा मिळते, दरवाजा मिटतो

दुसऱ्या वर्षी जागा कमी पडली तर मूळ पगाराचा मोठा भाग बोनसमध्ये बदलता येतो. खेळाडूला पैसे तेवढेच मिळतात, बहुधा लवकरच मिळतात, म्हणून तो सहसा आढेवेढे घेत नाही. फक्त अनुभवाप्रमाणे ठरलेला किमान पगार मागे ठेवावा लागतो. सात किंवा जास्त हंगाम खेळलेल्याला २०२५ साली तो १२ लाख ५५ हजार डॉलर होता.

आपल्या उदाहरणात ६० लाखांतले १५ मागे ठेवा, ४५ लाखांचा बोनस करा. उरली तीन वर्षं, दर वर्षी १५ लाख. दुसऱ्या वर्षाची हिट १०० वरून ७० वर आली. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची १२० वरून १३५ वर गेली. एकूण ४००, बदल काहीच नाही.

आता पाचवा रकाना पाहा. तिसऱ्या वर्षी सोडलं तर आधी ८० लाख पडले असते, आता ११० पडतात. सुटका ४० ऐवजी २५ लाखांचीच. आणखी पुढे जाऊन मागे दोन व्हॉइड वर्षं जोडलीत, म्हणजे बोनस वाटण्यापुरती कागदावर धरलेली, खेळाडू ज्यांत खेळणारच नाही अशी वर्षं, तर ४५ लाख पाच वर्षांवर वाटले जातात, दर वर्षी ९. जुना बोनस मात्र पुन्हा वाटला जात नाही, तो आपल्या ४० लाखांच्या चालीनेच जातो. इथे बरेच जण सगळाच बोनस नव्याने वाटून टाकतात आणि वही बिघडते. दुसऱ्या वर्षाची हिट ६४ झाली, पुढच्या दोन वर्षांची १२९, आणि करार संपताच उरलेले १८ लाख पाचव्या वर्षात एकदम पडतात, खेळाडू दुसऱ्याच गावी खेळत असताना. तिसऱ्या वर्षी सोडायचं म्हटलं तर सुटका जेमतेम १३ लाखांची.

म्हणून तीस पार केलेल्या, गुडघ्याचा त्रास असलेल्या खेळाडूचा करार रिस्ट्रक्चर करू नये असं आमचं ठाम मत आहे. ज्याला आणखी तीन वर्षं नक्की ठेवायचं आहे त्याचाच करा. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू) तरुण आणि भरवशाचा असेल तर तो यासाठी सगळ्यात योग्य.

कॅप दर वर्षी वाढते, मग मागचं ओझं हलकं होत जातं, हा युक्तिवाद बहुतेक वर्षं खरा ठरतो. पण कोरोनात मैदानं रिकामी राहिली आणि २०२० चा १९ कोटी ८२ लाखांचा आकडा २०२१ ला १८ कोटी २५ लाखांवर उतरला. वाढ गृहीत धरून पुढची वर्षं भरून ठेवलेल्यांना तेव्हा चांगले खेळाडू सोडावे लागले. पुढच्या वर्षाची कॅप लिहिताना यंदाचाच आकडा लिहावा; वाढली तर बरंच झालं.

इतर बोनस

रोस्टर बोनस ठरलेल्या तारखेला खेळाडू संघात असेल तर मिळतो आणि त्याच वर्षात पूर्ण मोजला जातो. तारीख बहुधा मार्चमध्ये, एनएफएलचं नवं वर्ष सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत असते. ती तारीख लाल अक्षरांत लिहा. सोडायचंच असेल तर त्याआधी सोडा.

कामगिरीवरचे बोनस मागच्या हंगामाकडे पाहून मोजतात. "चेंडू १००० यार्ड पुढे नेला तर १० लाख" असं कलम असेल आणि मागच्या वर्षी खेळाडूने १०४० यार्ड केले असतील, तर ते १० लाख यंदाच्या कॅपवर आधीच चढतात; यंदा न जमल्यास पुढच्या वर्षी परत जमा होतात. मागच्या वर्षी ९८० असतील तर यंदा शून्य धरा, आणि जमलं तर पुढच्या वर्षी वजा करा. म्हणजे नव्या वर्षाची वही उघडताना मागची जमा-वजा आधी घ्यायची. न वापरलेली कॅपही पुढच्या वर्षी नेता येते, तीही याच ओळीत.

वर्षाचा फेरा

आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला ठरतं, एनएफएलचं मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी चार वाजता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. त्या क्षणी प्रत्येक संघ कॅपच्या आत असलाच पाहिजे, त्यामुळे सोडणं, रिस्ट्रक्चर, सगळं त्याआधी उरकून ठेवा.

मार्चपासून हंगाम सुरू होईपर्यंत फक्त सगळ्यात महाग ५१ करार मोजले जातात, शिवाय डेड मनी आणि ५१ च्या बाहेरच्यांचे बोनसचे वाटे. यामुळे नव्या खेळाडूची खरी किंमत त्याच्या हिटपेक्षा थोडी कमी पडते. ६० लाखांचा खेळाडू घेतला की यादीतला ५१ वा बाहेर ढकलला जातो. तो ८ लाख ४० हजारांचा (२०२५ चा नवख्याचा किमान पगार) असेल तर जागा प्रत्यक्षात ५१ लाख ६० हजारच लागली.

सप्टेंबरात ही सवलत संपते आणि संघातल्या सगळ्या ५३ जणांचा, जखमी यादीचा आणि सराव पथकाचा हिशेब सुरू होतो. ऑगस्टमध्ये "वीस लाख शिल्लक आहेत" म्हणून निवांत बसलेला संघ इथेच कॅपच्या वर जातो. २०२५ च्या दराने मांडून पाहा. सराव पथकात १६ जण, आठवड्याला किमान १३ हजार डॉलर, १८ आठवडे: सुमारे ३७ लाख ४४ हजार. बावन्नावा आणि त्रेपन्नावा खेळाडू मिळून १६ लाख ८० हजार. हेच झाले ५४ लाखांच्या वर. शिवाय हंगामात कोणाचा घोटा मुरगळतो, कोणाचा खांदा निखळतो. जखमीचा पगार चालूच राहतो आणि बदली खेळाडूचा वर चढतो. त्यासाठी आणखी ५० लाख. म्हणजे ऑगस्टअखेर १ कोटी ५ लाख डॉलर मोकळे नसतील तर नवी खरेदी करू नका.

मित्रांच्या लीगमध्ये दोन नियम आधीच लेखी ठेवा. एक, बोनस पाच वर्षांपलीकडे वाटायचा नाही. दोन, ओझं एखाद्या सवलतीच्या वर्षात लोटायचं नाही. २०१० साली एनएफएलमध्ये कॅप नव्हती, तेव्हा वॉशिंग्टन आणि डॅलसने करारांचा भार त्या एका वर्षात ओतला. २०१२ मध्ये एनएफएलने वॉशिंग्टनची ३ कोटी ६० लाखांची आणि डॅलसची १ कोटीची कॅप कापली. तुमच्या लीगलाही पहिल्या वर्षी मोकळीक द्यायचा मोह होईल. ती दिलीत तर त्या वर्षी वाटलेल्या बोनसला वरची मर्यादा घाला, आणि सगळ्यांच्या वह्या एकाच माणसाकडून तपासून घ्या, ज्याच्याकडे स्वतःचा संघ नाही.