जपानच्या खोल बर्फात गाइडसोबत बॅककंट्री स्कीइंग: तयारी कशी करावी, दिवस कसा काढावा

बॅककंट्री म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरचे, न दाबलेले उतार. जपानमधले स्कीइंगचे डोंगर कागदावर कुणाला घाबरवत नाहीत. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं सर्वांत उंच शिखर असाहीदाके २,२९१ मीटर, तिथल्याच निसेको या स्की रिसॉर्टसमोरचा योतेई १,८९८ मीटर. विरळ हवेचा त्रास नाही, झाडी मोकळी, बर्फ पिंजलेल्या कापसासारखा. अडचण खोलीची आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारी थंड, कोरडी हवा जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलते आणि पश्चिमेकडच्या डोंगरांवर बर्फ करून टाकते. जानेवारीत हे दिवसच्या दिवस चालतं. गाइड घेतला की वाट आणि उतार निवडण्याचं काम त्याचं. त्या बर्फात चढणं, वळणं, पडल्यावर उठणं आणि जोडीदारावर नजर ठेवणं मात्र तुमच्याकडेच राहतं.

कुठे आणि कधी

पहिल्यांदा जात असाल तर होक्काइदो. निसेकोत लिफ्टने वर जाऊन ठरलेल्या गेटमधून हद्दीबाहेर जाता येतं, त्यामुळे पहिल्या दिवशी चढ थोडा आणि उतार भरपूर मिळतो. तिथले नियम कडक आहेत: बाहेर पडायचं ते गेटमधूनच, गेट बंद असेल तर नाही, आणि दोरीखालून गेलात तर पास जप्त. फुरानो आणि तोकाचीच्या बाजूला समुद्र दूर असल्याने थंडी जास्त आणि बर्फ आणखी हलका. असाहीदाकेचा रोपवे साधारण १,१०० मीटरवरून १,६०० मीटरवर सोडतो. त्याच्या वर झाडं जवळजवळ नाहीत, म्हणून धुकं उतरलं की उतार आणि आकाश यांतला फरकच दिसेनासा होतो. शिवाय हा जिवंत ज्वालामुखी आहे. वाफ जिथून निघते तिथे भोवतालचा बर्फ आतून पोकळ असतो, तेव्हा फोटोसाठीसुद्धा जवळ जाऊ नका.

होन्शूवर, म्हणजे जपानच्या मुख्य बेटावर, हाक्कोदा, म्योको, हाकुबा आहेत. हाकुबाच्या मागचं शिरोउमा २,९३२ मीटर आहे. तिथल्या नाळी उभ्या आणि धारा उघड्या. आमच्या मते हाकुबाचे मोठे उतार दुसऱ्या फेरीला ठेवावेत.

मुबलक पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, हवी असेल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. डिसेंबरच्या सुरुवातीला ‘सासा’ नावाचा बुटका बांबू पुरता गाडला गेलेला नसतो, ओढेही उघडे असतात आणि स्की त्यात अडकते. योतेईच्या माथ्यावर जायचंच असेल तर फेब्रुवारीची अखेर किंवा मार्च पाहा. जानेवारीत तो डोंगर आठवडाभर दिसतच नाही, असंही होतं.

सहा दिवसांचा कार्यक्रम असेल तर शिखराचं नाव घालून तो बांधू नका. वाऱ्याने रोपवे बंद पडतो, रस्ता बंद होतो. चांगला गाइड आदल्या संध्याकाळी हवा बघून डोंगर ठरवतो, आणि त्याला ती मोकळीक देणारं बुकिंगच घ्यावं.

गाइडला काय विचारायचं

गाइडकडे जपान माउंटन गाइड्स असोसिएशनची किंवा आयएफएमजीएची, म्हणजे गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, पात्रता आहे का, ते पाहा. होक्काइदोची स्वतःची गाइड प्रमाणपत्र व्यवस्थाही आहे. मग हे विचारा: एका गाइडमागे किती जण (सहाच्या वर गेले तर दुसरा गाइड हवा), डोंगराची नोंद, म्हणजे ‘तोझान तोदोके’, कोण भरतं, आणि लिफ्टचे पास, गाडी, बीकनचं (गाडल्या गेलेल्याला शोधायला अंगावर बाळगायचं रेडिओ यंत्र) भाडं पैशांत धरलेलं आहे का.

मग ते तुम्हाला विचारतील. इथे फुशारकी मारू नका. रिसॉर्टच्या दाबलेल्या उतारावर जोरात स्की करता येणं वेगळं आणि गुडघाभर बर्फात झाडांमधून सलग वळणं घेणं वेगळं. ढोबळ मोजमाप असं: न दाबलेल्या काळ्या (म्हणजे अवघड) उतारावर न थांबता उतरता येतं, आणि पाठीवर ८ ते १० किलो घेऊन दिवसात ७०० ते ८०० मीटर चढता येतं. एकाची पातळी फॉर्मवर खोटी निघाली की अख्ख्या गटाचा दिवस त्याच्या वेगाने जातो.

विम्यात ‘रिसॉर्टच्या हद्दीबाहेर, गाइडसोबत स्कीइंग’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं, शोध आणि बचावाचा खर्चही. फोनवर ‘हो, चालतं’ म्हणाले म्हणून धरून चालू नका. सर्दीच्या गोळ्याही तपासा: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. बाहेरच्या देशांत विकले जाणारे बरेचसे वॉकीटॉकी तिथे बेकायदा ठरतात, ते घरीच ठेवा.

सामान

स्की मधोमध १०५ ते ११५ मिलिमीटर रुंद असावी. त्याहून अरुंद असली तर ती बुडते आणि तुम्ही दिवसभर मागे झुकून मांड्या जाळून घेता. स्किन, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी, स्कीच्या मापाने अशी कापलेली हवी की दोन्ही कडांचं फक्त पोलाद उघडं राहील. काठ्यांना मोठ्या चकत्या लावा. छोट्या चकतीची काठी मुठीपर्यंत आत जाते. वाऱ्याने घासलेल्या धारेवर चढायचं असेल तर स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे धातूचे दात.

बीकन तीन अँटेनांचं डिजिटल, प्रोब (बर्फात टोचून माणूस शोधायची सळई) २८० ते ३०० सेंटिमीटर, फावडं धातूचं. प्लॅस्टिकचं फावडं हिमस्खलनाच्या घट्ट झालेल्या बर्फात वाकतं. बीकनमध्ये उत्पादकाने सांगितलेलीच बॅटरी घाला, बहुतेक यंत्रांत ती अल्कलाइन असते. चार्ज होणाऱ्या बॅटरीचा आकडा फसवतो. मोबाइल बीकनपासून निदान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवा. हिमस्खलनात फुगवायच्या एअरबॅगचं सिलिंडर विमानात न्यायला कंपनीची आधी परवानगी लागते.

हातमोज्यांचे दोन जोड, गॉगलही दोन. चढताना गॉगल कपाळावर चढवू नका. घामाची वाफ आत जाते, गोठते आणि उतरायच्या वेळी काच पांढरी झालेली असते. पाण्यासाठी नळीवाली पिशवी नको, नळी गोठते. थर्मास घ्या. खिशात तीन-चार रबरी पट्टे असू द्यात, ते सगळ्याला उपयोगी पडतात.

चढताना

सकाळी गाडी थांबली की गाइड आधी बीकन तपासतो: एक एक जण त्याच्यासमोरून जातो, आधी प्रक्षेपण, मग शोध. ही तपासणी गप्पा मारत संपवायची गोष्ट नाही. त्याच वेळी विचारून ठेवा, प्रथमोपचाराची पेटी, रेडिओ आणि ताडपत्री त्याच्या पाठपिशवीत नेमकी कुठे आहे. उद्या गाइडच गाडला गेला तर तुम्हालाच ती काढायची आहे. पोलिसांचा नंबर ११०, रुग्णवाहिकेचा ११९.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गरम कपडे घालून निघालात तर वीस मिनिटांत घाम येईल, आणि वर थांबल्यावर तोच घाम गोठवेल. वेग तासाला साधारण ३०० मीटर उंची, बोलता येईल इतका. पाय उचलू नका, स्की सरकवा. वळणावर किक टर्न घेताना आधी सपाट जागा दाबून घ्या, वरची स्की फिरवून ठेवा, वजन तिच्यावर टाका, मग खालच्या पायाची टाच किंचित झटकून स्कीचं नाक वर येऊ द्या आणि ती आणा. बहुतेक जण वजन टाकायच्या आधीच दुसरी स्की ओढतात आणि तिथेच पडतात.

गाइडने अंतर ठेवायला सांगितलं की ठेवा. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. जपानमध्ये मोठा धोका वादळादरम्यान आणि लगेच नंतर, नवा बर्फ आणि वारा एकत्र आले की. वायव्येचा वारा बर्फ वाहून धारेच्या पूर्वेकडे, आग्नेयेकडे रचतो, त्या बाजूला हिमाचे छज्जेही लोंबतात. त्यांच्याखाली उभं राहायचं नाही. सासावर साचलेला सगळा थर कधी कधी एकसंध घसरतो आणि उतारावर रुंद भेग उघडते. अशी भेग दिसली की तिच्याखालून जाणं टाळा.

वर पोचल्यावर आणि उतरताना

माथ्यावर चढायच्या तयारीतून उतरायच्या तयारीत पाच मिनिटांत बदल करता यायला हवा. आधी जाडं जॅकेट अंगावर, मग बाकी सगळं. बर्फ तुडवून ओटा केल्याशिवाय स्कीवरून उतरू नका, कमरेपर्यंत आत जाल. स्किन काढून गोंदाची बाजू गोंदावर दुमडा आणि जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा. पाठपिशवीत ठेवलेली स्किन दुसऱ्या चढाला चिकटत नाही.

पिन बाइंडिंग (बूट पिनांनी स्कीला धरणारा जोड) असेल तर सर्वांत नडणारी जागा म्हणजे पुढच्या जबड्याखालची खाच. तिथे दाबला गेलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढा. मग बूट पिनांत अडकवून टाच दहा-बारा वेळा वर-खाली करा, म्हणजे बुटाच्या छिद्रांतला बर्फ घासून निघतो. त्यानंतरच टाच बसवा. ही दोन मिनिटं वाचवली की जबडा अर्धाच मिटतो आणि पहिल्या वळणाला स्की निघून जाते.

निघालेली स्की खोल बर्फात दिसत नाही. तुम्ही जिथे थांबलात तिथे शोधू नका, ती वर, पडलात त्या जागेजवळ असते. काठी आडवी धरून उताराला आडवे पट्टे कापत जा. दोन मीटर भडक रंगाची फीत बाइंडिंगला बांधून पँटच्या आत खोचली असेल तर हा अर्धा तास वाचतो. उठताना काठ्यांची फुली करा, मधोमध हात ठेवून दाबा. एका काठीवर जोर दिला तर हात खांद्यापर्यंत आत जातो.

झाडांत काठीचे पट्टे मनगटात नकोत. फांद्यांखाली, बुंध्याभोवती बर्फ कमी साचतो आणि तिथे झाकलेला खड्डा होतो. त्यात माणूस सहसा डोकं खाली करून जातो आणि एकट्याला बाहेर येता येत नाही. धडपडलं की वरचा बर्फ आणखी आत येतो. म्हणून जोडी ठरवा आणि एकमेकांना दर काही वळणांनी हाक द्या. तोल गेलाच तर झाड किंवा फांदी धरा. आत गेलात तर तोंडापुढे हाताने पोकळी करा, शिट्टी वाजवा आणि जोडीदाराची वाट पाहा. जोडीदार खाली पुढे निघून गेला असेल तर त्याला वर चढून येईपर्यंत उशीर होतो, म्हणून दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहायचं.

गाडला गेलेला माणूस काढताना पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. प्रोब लागला की तो तसाच ठेवा, आणि गाडल्या खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरकून तिथून आडवं खणत जा. वरून विहीर खणत बसलात तर बर्फ परत खड्ड्यातच येतो.

जानेवारीत होक्काइदोत सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. गाइड दुपारी दोनला ‘आता शेवटचा उतार’ म्हणाला तर घासाघीस नको.

संध्याकाळी ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, पाण्यात उतरण्याआधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करा. स्विमसूट चालत नाही, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. गोंदण असेल तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी परवानगी नसते. खोलीवर परतल्यावर बुटांची आतली अस्तरं काढून सुकवा. स्किन हीटरवर टाकू नका, गोंद वितळून स्कीला राहतो. दोरीवर टांगा, आणि झोपण्याआधी बीकनच्या बॅटरीचा आकडा बघा.