लिस्बनहून आलेले युरो: नाणी आधी खर्चा

नाताळाला लिस्बनहून गोव्यात येणाऱ्यांच्या पाकिटात युरोची नाणी हमखास उरतात. पणजी-म्हापशातले मनी चेंजर नोटा बदलून देतात, नाणी मात्र बहुधा घेत नाहीत. म्हणून निघताना तिथल्या विमानतळावरची कॉफी, पाण्याची बाटली सुट्ट्या पैशांतच घ्या.

तरीही उरलीच, तर युरोपात जाणाऱ्या कुणाच्याही हातात द्या. पोर्तुगालचाच माणूस शोधत बसू नका. नाण्याच्या एका बाजूला अफोंसो एन्रिकेश या पहिल्या पोर्तुगीज राजाची मोहोर आणि भोवती किल्ले असले, तरी ते पॅरिसला, रोमला आणि २०२३ पासून झाग्रेबलाही तसंच चालतं. लंडन-झुरिकला जाणाऱ्याला देऊन उपयोग नाही, तिथे पाउंड आणि फ्रँक.

आजीच्या ट्रंकेत पोर्तुगालच्या एस्कुदोच्या, म्हणजे युरोआधीच्या तिथल्या चलनाच्या, नोटा सापडल्या, तर त्यांचे युरो मिळायचे नाहीत. बदलून घ्यायची शेवटची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ ला संपली. पण नोटेवर ‘इश्तादु द इंडिया’ आणि १९५९ साल दिसलं, तर थांबा! तो पोर्तुगीज राजवटीतल्या आपल्या गोव्याचा एस्कुदो. प्लास्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा, लॅमिनेट करू नका, आणि जुन्या नोटा जमवणाऱ्या जाणकाराला दाखवा.