सेकंडहँड मोटारसायकल नीट वळत नाही? आधी झीज शोधा, मग स्क्रू फिरवा

जुनी गाडी घेतलेला माणूस मला पहिल्या आठवड्यात हमखास सांगतो, "गाडी काहीतरी वेगळीच वाटते." एवढ्यावर काम होत नाही. मी विचारतो, कधी वाटते? ब्रेक मारताना, वळणात शिरताना, वळणाच्या मध्यावर, रेस देऊन बाहेर पडताना की सरळ रस्त्यावर वेग उतरताना? तेव्हा वेग किती होता? मागे कुणी बसलं होतं का? तक्रार जितकी नेमकी, तितकं काम निम्म्यावर येतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी वही घ्या. दोन-तीन वळणं, एखादा गतिरोधक आणि थोडा उखडलेला पट्टा असलेला एकच रस्ता ठरवा. त्यावर गाडी नेहमीच्या वेगात चालवा आणि जे जाणवलं ते लगेच लिहा. हँडल थरथरतं का हे बघायला दोन्ही हात सोडून गाडी चालवू नका. ती तपासणी उभ्या गाडीवर जास्त चांगली होते.

माझा एक हट्ट आहे: झिजलेलं काही शिल्लक असेपर्यंत सेटिंगला हात लावायचा नाही. सैल कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) असलेल्या गाडीचं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारा तेलाचा विरोध) कडक केलं तर ती दोन दिवस बरी वाटते, आणि त्या दोन दिवसांत खरा दोष झाकला जातो. नंतर कशामुळे काय झालं हेच कळेनासं होतं.

सुरुवात टायरपासून करा. हवा गाडी थंड असताना तपासा. आकडा चेनकव्हर किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) स्टिकरवरून किंवा मॅन्युअलमधून घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नाही. पुढच्या चाकात पाच-सहा पीएसआय हवा कमी असली तरी हँडल जड होतं आणि गाडी वळायला कुरकुरते. टायरवरचा चार अंकी कोडही वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी भरपूर आहे, पण रबर दगडासारखं कडक झालंय, असे टायर जुन्या गाड्यांवर बरेच दिसतात.

मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर गाडी झुकायला आधी नकार देते आणि मग एकदम कडेवर पडते. पुढच्या टायरवर तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं, तर टायर चढ-उतार होऊन झिजलाय. हवा कमी ठेवून चालवल्याने किंवा फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) डॅम्पिंग संपल्याने असं होतं. म्हणजे हा टायर तुम्हाला फोर्कबद्दलही सांगतोय. नुसता टायर बदललात तर नवाही तसाच झिजेल.

आता पुढचा भाग. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथेच सापडतात. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मागे वजन देऊन पुढचं चाक अधांतरी करा. डबल स्टँड नसेल तर फ्रेमखाली जॅक लावा, सायलेन्सरखाली कधीच नाही. समोर बसून दोन्ही फोर्कचे खालचे भाग धरा आणि पुढे-मागे ओढा. "टक" असं जाणवलं तर कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. कुठे, ते कळायला सोबत्याला हँडलखाली, जिथे टी (दोन्ही फोर्क धरणारा आडवा भाग) आणि फ्रेमचा गळा मिळतो त्या फटीवर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली हालचाल लागली तर कोनसेट सैल आहे. तिथे काही नाही, पण फोर्कची आतली नळी बाहेरच्या नळीत हलतेय, तर बुश (दोन नळ्यांमधल्या घासणाऱ्या कड्या) गेले. कोनसेट सैल असलेली गाडी ब्रेक मारताना ठोकते आणि वेग उतरताना हँडल थरथरवते.

मग हँडलच्या टोकाला एकच बोट लावा आणि ते डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश न्या. घाई केली तर काहीच कळणार नाही. हँडल बरोबर सरळ येतं त्या जागी ते क्षणभर अडकून बसतं का? खाचेत छर्रा पडावा तसं? गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे कोनसेटचे छर्रे त्याच जागी राहतात आणि प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच ठिकाणी बसून वाटीवर खळगे पडतात. सरळ चालताना आपण हँडलला सतत बारीक दुरुस्त्या देत असतो. खळग्यामुळे त्या बारीक दुरुस्त्या होतच नाहीत, एकदम मोठ्या होतात, आणि गाडी कमी वेगात दारू प्यायल्यासारखी डुलत जाते. खळगे पडलेला कोनसेट आवळून सुधारत नाही, बदलावाच लागतो. आणि चांगला कोनसेट अति आवळला तरी गाडी अशीच डुलते. आवळणी नीट असेल तर चाक अधांतरी असताना हँडलला हलका धक्का दिला की ते आपोआप बाजूला पडतं. मात्र आधी केबल आणि वायरिंग कुठे ओढत नाहीत ना, ते बघून घ्या.

मागे तीन ठिकाणं बघायची. चाक वर-खाली धरून आडवं हलवा: प्ले लागला तर बेअरिंग. चिमट्याचं टोक धरून डावी-उजवीकडे ढकला: प्ले लागला तर चिमट्याचा बुश. मोठ्या वेगवान वळणात गाडी शेपूट हलवते ती बहुधा यामुळेच. शेवटी चाक सावकाश वर उचला. शॉकअप हलायच्या आधी चाक थोडं मोकळं उचललं गेलं, तर लिंकेजचं (चिमटा आणि शॉकअप जोडणाऱ्या पट्ट्यांचं) किंवा शॉकअपच्या डोळ्याचं (टोकाच्या भोकाचं) बुश गेलंय.

चाकाच्या सरळपणासाठी चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर विसंबू नका. चिमट्याच्या पिव्हटच्या (चिमटा ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या) मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. गाडी सरळ जाते पण हँडल तिरकं दिसतं, तर कधीतरी पडल्यामुळे फोर्क टीमध्ये पिळले गेलेत. खालचे क्लॅम्प बोल्ट आणि एक्सलचा पिंच बोल्ट सैल करा, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा, फोर्क काही वेळा दाबून सोडा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. नळीच वाकली असेल तर यातलं काही चालत नाही.

फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय. नवीन सील बसवण्याआधी नळीवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे गंजाचा किंवा खड्याचा ओरखडा आहे, आणि तो नवीन सीलही फाडेल. तेल डिस्कवर उतरत असेल तर गाडी चालवू नका. तेल शेवटचं कधी बदललं हे जुन्या मालकाने खात्रीने सांगितलं नाही, तर ते बदलायचंच आहे असं धरा. फोर्कच्या वरची टोपी काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या काठापासून मोजतात, आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. डब्यावर 10डब्ल्यू लिहिलं म्हणून दोन कंपन्यांच्या तेलाचा दाटपणा सारखाच असतो असं नाही. मध्येच कंपनी बदलून भर घालू नका.

इथपर्यंत सगळं ठीक झालं की मगच मोजपट्टी.

सॅग म्हणजे गाडी वजनाने किती बसते. यासाठी एक सोबती लागतो. मागचं चाक पूर्ण अधांतरी असताना एक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या पक्क्या जागेपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर. सोबत्याने गाडी उभी धरावी. एकदा गाडी खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा. एकदा किंचित वर उचलून हळूच बसू द्या आणि मोजा. या दोन मापांची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की तुमचा रायडर सॅग मिळतो. दोन मापांत मोठा फरक आला, तर कुठेतरी घासतंय, अडकतंय. आधी ते शोधा. पुढेही हेच करायचं. पुढच्या फोर्कवर आतल्या नळीला केबल टाय बांधला की चालवताना फोर्क किती खाली गेला तेही दिसतं.

रस्त्याच्या गाडीला रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) साधारण 30 ते 35 टक्के असावा. 120 मिमी ट्रॅव्हलला सुमारे 36 ते 42. कुणीही न बसता नुसत्या गाडीच्या वजनाने मागे पाच-दहा मिमी बसायला हवी.

माझ्या पुतण्याने घेतलेल्या गाडीचं उदाहरण देतो. त्याची तक्रार होती की ब्रेक मारला की गाडी नाकावर येते, आणि खड्ड्यात सीट उडवते. त्याला फोर्क बदलायचा सल्ला मिळाला होता. आधीचा मालक कायम मागे कुणाला तरी बसवून सामान लादून फिरायचा, म्हणून मागची स्प्रिंग सातपैकी सातव्या, म्हणजे सगळ्यात दाबलेल्या, खाचेवर होती. पुतण्या अंगाने बारीक. मागचा ट्रॅव्हल 130 मिमी, त्याचा रायडर सॅग 22, आणि नुसत्या गाडीचा शून्य. म्हणजे मागचा भाग वरच्या टोकाला चिकटून होता. खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच नव्हती, आणि मागून उंच असल्यामुळे सगळं वजन पुढे येत होतं. हुक पान्याने स्प्रिंग तिसऱ्या खाचेवर आणली, 40 आणि 8 मिळाले. फोर्कला काहीच झालं नव्हतं.

या दोन आकड्यांतून स्प्रिंगही ओळखता येते. रायडर सॅग बरोबर बसवल्यावर नुसत्या गाडीचा सॅग जवळपास शून्य उरला, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, प्रीलोडने (खाचा बदलून स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाने) ती नुसती दाबून ठेवलीय. उलट तो खूप जास्त आला, तर स्प्रिंग कडक आहे. प्रीलोडने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही.

डॅम्पिंगमध्ये रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडतानाचा विरोध) आधी. सीट जोरात दाबून सोडा. गाडी एका दमात वर येऊन थांबली तर ठीक. वर जाऊन पुन्हा खाली आली तर रिबाउंड कमी आहे. रांगत वर आली तर जास्त आहे. रस्त्यावर कमी रिबाउंड डोलण्यातून कळतं. जास्त रिबाउंड मात्र फसवतं: एकामागून एक खड्डे आले की चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही, गाडी बसत जाते आणि शेवटी दगडासारखी लागते. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक आहे, आणि ते भलताच स्क्रू फिरवतात. खड्ड्यांच्या पट्ट्यात पहिला खड्डा मऊ आणि पाचवा कडक लागला, तर रिबाउंड दोन क्लिक सोडून बघा. कॉम्प्रेशन (स्प्रिंग दबतानाचा विरोध) जास्त असेल तर पहिलाच धारदार खड्डा हातात ठोकतो आणि केबल टाय बघितला तर फोर्क फारसा खाली गेलेला नसतो.

स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने बंद होईपर्यंत फिरवून क्लिक मोजा, लिहा, आणि मग मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. एका वेळी एकच बदल, दोन क्लिक, तोच रस्ता. दोन स्क्रू एकदम फिरवलेत तर कोणी काय केलं हे गाडी सांगणार नाही.

बऱ्याच गाड्यांना मागच्या प्रीलोडशिवाय काहीच नसतं. तिथे पुढचं डॅम्पिंग तेलाच्या दाटपणावर बदलतं, आणि तेलाची पातळी पाच-दहा मिमी वाढवली की फोर्क शेवटच्या टप्प्यात जास्त विरोध करतो. गाडी वळायला आळस करते आणि बाहेर जाते? मागून बसलेली असते बहुधा. मागचा प्रीलोड वाढवा, किंवा फोर्क टीमध्ये पाच मिमी वर सरकवा. मात्र फोर्क पूर्ण दबल्यावर चाक मडगार्डला किंवा रेडिएटरला लागणार नाही, याची खात्री करून घ्या. सरकवल्यावर हँडल वेगात चंचल झालं तर फोर्क निम्मा परत खाली घ्या.

मागच्या शॉकअपचा स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही फरक पडला नाही, तर आतलं तेल किंवा गॅस संपलाय. गॅसचा शॉकअप दाबाखाली असतो, तो घरी उघडू नका. रिबिल्ड करणाऱ्याकडे द्या, आणि देताना तुमचं वजन आणि मोजलेले दोन्ही सॅग त्याला लिहून द्या. जोडीचे शॉकअप असतील तर दोन्ही एकदमच करायचे, आणि परत बसवताना दोन्हींची खाच एकच आहे हे बघायचं.