हायड्रोजनवरील गाडी शेडमध्ये घेण्यापूर्वी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील पत्र्याच्या शेडमध्ये फ्युएल सेल गाडी (हायड्रोजनपासून वीज तयार करून चालणारी) दुरुस्तीस घ्यायची असेल, तर गॅस सेन्सर आढ्याखाली, सर्वांत उंच जागी बसवावा. कारण एलपीजी जमिनीलगत साचतो, पण हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका असलेला हायड्रोजन छपराखाली अडकतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की तो पेट घेऊ शकतो, म्हणून पहिला इशारा 0.4 टक्क्यावर आणि काम थांबवण्याचा भोंगा 1 टक्क्यावर ठेवावा. उत्प्रेरक प्रकारचा, म्हणजे तापलेल्या मण्यावर वायू जाळून तो ओळखणारा, सेन्सर सिलिकॉन स्प्रेच्या वाफेने निकामी होऊ शकतो आणि हिरवा दिवा मात्र खुशाल जळत राहतो. त्यामुळे ठरावीक प्रमाणाचा चाचणी-वायू सोडूनच सेन्सर वेळोवेळी तपासावा. भारतातील एआयएस 157 हे हायड्रोजन गाड्यांच्या सुरक्षेचे मानक गाडीपुरते आहे, शेडपुरते नव्हे.