इंजिन बदललेल्या जुन्या ट्रकसाठी एसीचा कंप्रेसर कसा निवडावा

जुन्या ट्रकमध्ये नवे इंजिन बसवताना एसीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि अडचणींचे मूळ तिथेच असते. तोपर्यंत एक्झॉस्टच्या पाइपांचे वेल्डिंग झालेले असते, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाने आणि अल्टरनेटरने आपापली जागा धरलेली असते आणि उरलेल्या फटीत मावेल तो कंप्रेसर, म्हणजे एसीतील वायू दाबून फिरवणारा पंप, शोधण्याची वेळ येते. कंप्रेसर किती थंडावा देईल, याची चिंता सगळे करतात. परंतु तो कुठे बसेल, कोणत्या बेल्टवर आणि किती वेगाने फिरेल व त्याला चालू-बंद कोण करेल, हे तीन प्रश्न त्याआधी सुटले पाहिजेत. म्हणून इंजिन आपल्या माउंटवर टेकले की एक्झॉस्टच्या कामाला हात घालण्यापूर्वीच कंप्रेसर ठरवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जागेचा प्रश्न किती निर्णायक असतो, हे जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील व्ही8 इंजिनांवरून चांगले समजते. ही मालिका 1997 च्या कॉर्व्हेटपासून सुरू झाली आणि जुन्या पिकअपमध्ये तीच इंजिने आज सर्रास बसवली जातात. त्यांच्या ट्रकसाठीच्या आवृत्तीत कंप्रेसर इंजिनाच्या उजव्या अंगाला अगदी खाली असतो. मूळ गाडीत तिथे मोकळी जागा असते, परंतु 1967 ते 1972 च्या शेव्हरोलेट सी10 या पिकअपमध्ये नेमकी तिथेच चॅसीची उभी पट्टी येते. काही जण त्या पट्टीला खाच पाडून कंप्रेसर बसवतात. खाचेला आतून जाड पत्र्याची पेटी करून योग्य बळकटी दिली तर हे शक्य आहे, पण एका कंप्रेसरसाठी चॅसी कापण्यापेक्षा वर बसणारे ब्रॅकेट घ्यावे आणि त्यावर सँडेन या जपानी कंपनीच्या धर्तीचा आटोपशीर कंप्रेसर लावावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरेदीपूर्वी कंप्रेसरचा लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याचा नमुना तयार करावा. उत्पादकाच्या आकृतीवरून धडाची लांबी, बोल्टच्या कानांमधील अंतर आणि पुलीचा व्यास घ्यावा, आणि ज्याचा हमखास विसर पडतो ती गोष्ट, म्हणजे होजची तोंडे, नमुन्यावर जरूर दाखवावीत. धड व्यवस्थित बसते, पण मागच्या तोंडातून निघणारा जाड होज पाइप एक्झॉस्टला चिकटतो किंवा त्याला वळायला जागाच उरत नाही, असे वारंवार घडते. तोंडे मागे आहेत, वर आहेत की बाजूला, यावर कधी कधी संपूर्ण निवड फिरते. नमुना जागेवर ठेवून त्याच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील मातीचे दोन-तीन गोळे ठेवावेत, बॉनेट सावकाश बंद करून पुन्हा उघडावे आणि चपटलेल्या मातीची जाडी मोजावी. इंजिन रबरी माउंटवर हलते, म्हणून चारी बाजूंनी सुमारे 20 ते 25 मिलिमीटर मोकळीक राहू द्यावी. कंप्रेसर कलता बसवायचा असल्यास तो किती अंशांपर्यंत कलता चालतो, हेही त्याच आकृतीत पाहावे. तेल भरण्याचा प्लग खालच्या अंगाला जाईल अशा रीतीने तो कधीही बसवू नये.

आता क्षमतेकडे वळू. जुन्या गाड्यांमधील जनरल मोटर्सचा ए6 कंप्रेसर एका फेऱ्यात सुमारे 206 घन सेंटिमीटर वायू ओढत असे. तो दणकट होता, पण लांबलचक आणि फार जड. सँडेनचा पाच पिस्टनचा एसडी508 सुमारे 138 आणि सात पिस्टनचा एसडी7एच15 सुमारे 155 घन सेंटिमीटरचा आहे. एकाच बाकाच्या केबिनसाठी 138 पुरेसा ठरतो. सात पिस्टनचा कंप्रेसर कमी धक्के देत चालतो आणि कमी वेगातही बरे काम करतो, म्हणून जागा असेल तर मी तोच घेईन. सुमारे 100 घन सेंटिमीटरचा एसडी7बी10 मात्र दुसरे काहीच मावत नसेल तेव्हाच घ्यावा. मोठा कंप्रेसर लावला म्हणजे थंडावा वाढलाच, असे नाही. कंडेन्सर (गरम वायू थंड करणारी, रेडिएटरसारखी जाळी) आणि त्यावरचा पंखा तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत नसतील तर केवळ दाब वाढतो.

बेल्टचे गणित सोपे असूनही दुर्लक्षित राहते. क्रँक पुलीचा, म्हणजे बेल्ट फिरवणाऱ्या इंजिनाच्या मुख्य पुलीचा, व्यास 190 मिलिमीटर आणि कंप्रेसरच्या पुलीचा 125 असेल, तर कंप्रेसर इंजिनाच्या दीडपटीहून थोडा अधिक वेगाने फिरतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला 700 फेऱ्यांवर असताना त्याला सुमारे 1,060 फेरे मिळतात, ते ठीकच आहे. पण इंजिन 5,500 वर नेले की हाच आकडा 8,300 च्या पुढे जातो. कंप्रेसरची कमाल गती उत्पादकाच्या कागदात दिलेली असते. ती ओलांडली जात असेल तर कंप्रेसरची पुली मोठी घ्यावी.

पुली एका रेषेत असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. एलएस इंजिनांतच कॉर्व्हेट, कॅमॅरो आणि ट्रक यांच्या बेल्टची प्रतले वेगवेगळी असतात. कॉर्व्हेटच्या तुलनेत ट्रकचा बेल्ट सुमारे 38 मिलिमीटर पुढे असतो, त्यामुळे एका जातीचे ब्रॅकेट दुसऱ्या जातीच्या क्रँक पुलीशी जुळत नाही. सरळ पोलादी पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून कंप्रेसरपर्यंत न्यावी आणि दीड मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळल्यास वॉशर घालून किंवा ब्रॅकेट बदलून तो दूर करावा. काही दिवस गाडी चालल्यावर ब्रॅकेटवर काळी रबरी भुकटी साचलेली दिसली, तर रेषा चुकली आहे किंवा बेल्ट घसरतो आहे, असे समजावे.

नियंत्रणाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. जुन्या ट्रकला साधा, ठरावीक क्षमतेचा, क्लच (पुलीशी कंप्रेसर जोडणारा व सोडवणारा विजेचा भाग) असलेला कंप्रेसर घ्यावा. कूलिंग कॉइल गोठण्याच्या बेतात आली की थर्मोस्टॅट क्लच सोडवतो, एवढेच त्याचे तंत्र आहे. नव्या गाड्यांतून काढलेले काही कंप्रेसर बाहेरून येणाऱ्या विद्युत संकेतावर आपली क्षमता बदलतात, आणि तो संकेत देणारा संगणक आपल्या गाडीत नसेल तर ते नुसते फिरत राहतात, गार करत नाहीत. विजेवर चालणाऱ्या कंप्रेसरचा मोहही आवरावा, कारण 3 किलोवॅट शक्ती 12 व्होल्टवर घ्यायची तर 250 अँपिअर लागतात. क्लचचा प्रवाह रिलेमधून द्यावा, दाब फार वाढल्यास किंवा फार घटल्यास क्लचचा प्रवाह तोडणारा स्विच बसवावा आणि इंजिन फ्युएल इंजेक्शनचे असेल तर एसी सुरू झाल्याचा संकेत त्याच्या संगणकाला पोहोचवावा, म्हणजे भार पडताच आयडलिंग सावरले जाते.

जुनाच कंप्रेसर वापरण्याचा विचार असेल तर वायूचा इतिहास लक्षात घ्यावा. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने आर12 या जुन्या एसी वायूचे उत्पादन बंद होत गेले आणि विकसित देशांत ते 1996 च्या आरंभी थांबले. आर12 च्या कंप्रेसरमधील खनिज तेल त्याच्या जागी आलेल्या आर134ए वायूत विरघळत नाही, त्यामुळे ते फिरून परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा पडतो. जुने तेल काढताना ते काळे असेल किंवा त्यात धातूचा चुरा चमकत असेल, तर तो कंप्रेसर बाद करावा. त्याच गाडीचा कंडेन्सरही पुन्हा वापरू नये, कारण तोच चुरा तिथे अडकलेला असतो. नव्या कंप्रेसरमध्ये बहुधा तेल भरलेलेच असते. हे पीएजी नावाचे कृत्रिम तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून होज जोडण्याच्या क्षणापर्यंत तोंडांवरची झाकणे काढू नयेत.

वायू भरून झाल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. क्लचचा पुढचा भाग हाताने पकडून कंप्रेसर सुमारे दहा फेरे सावकाश फिरवावा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेले तेल बाहेर सरकते आणि पहिल्याच झटक्यात झडपा फुटत नाहीत. फिरवताना कुठे अडकल्यासारखे वाटले, तर आधी कारण शोधावे आणि त्यानंतरच चावी फिरवावी.