फ्लेक्स छापायला देण्याआधी: जाहिरातीतला नको तो अर्थ

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जाहिरातीची कॉपी लिहायला नव्यानं लागलेल्यांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चावट अर्थ बहुतेक वेळा चावट शब्दातून निघत नाही, तो गाळलेल्या नामातून निघतो. मराठीत कर्म न लिहिताही वाक्य चालतं. 'घालणे', 'काढणे', 'दाबणे', 'ठोकणे' ही क्रियापदं एकटी दिसली की मोकळी जागा वाचणारा आपल्या मनानं भरतो. 'एकदा दाबून बघा' हे गादीच्या चित्राशेजारी ठीक वाटतं, पण तिथं मॉडेलचा फोटो आला की बिघडलंच. 'गादी दाबून बघा' लिहा. गादी, गाडी, मोटार सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून 'ही', 'हिला' ही सर्वनामंही टाळा.

छोट्या जाहिरातीत शब्दावर पैसे लागतात म्हणून 'घरकामासाठी बाई पाहिजे' यातला पहिलाच शब्द उडवला जातो. तो कधीही उडवू नका. खाली छापलेल्या नंबरवर नको ते फोन येतात, आणि ते बहुधा घरातल्या बाईलाच उचलावे लागतात.

ओळ कुठं तुटते तेही बघा. 'लेडीज कपडे उतरलेल्या दरात' हे वाक्य मुळातच कच्चं आहे. त्यात 'दरात' खालच्या ओळीत गेलं की वरची ओळ एकटी वाचली जाते. 'लेडीज ड्रेस, दर कमी' एवढं पुरे. रिक्षावरच्या भोंग्यासाठी रेकॉर्डिंग करताना हाच घोळ श्वास घेण्याच्या जागेमुळे होतो.

आपल्याकडची खरी अडचण कन्नडची. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळे मराठी शब्द तसेच्या तसे कन्नड लिपीत उतरवले जातात. देवनागरीत 'ओ' एकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. 'अल्प मोले' मधला 'मो' डिझायनरनं ऱ्हस्व टाइप केला, तर कन्नड वाचणाऱ्याला तिथं 'स्तन' असा अर्थ दिसतो. म्हणून प्रूफ मराठी येणाऱ्या कन्नडिगाला दाखवू नका. त्याला मूळ शब्द माहीत असतो, तो सांभाळून घेतो. ज्याला मराठी येत नाही त्यालाच दाखवा.

मजकूर मोठ्यानं वाचा, मग फोटो झाकून वाचा, मग प्रत्येक ओळ सुटी वाचा. शेवटी कॉलेजातल्या दोन पोरांना आणि एका मावशींना, वेगवेगळं बसवून, दाखवा. पोरं लगेच हसतात. मावशी काही बोलत नाहीत, नुसता कागद परत देतात. तेही उत्तरच समजा. 'हसले म्हणजे लक्षात राहिलं' असं दुकानदार म्हणतील, तर त्यांना विचारा की कापड घ्यायला दुकानात येतं कोण.

छापून लागल्यावर चूक सापडली, तर चुकीच्या शब्दावर स्टिकर लावू नका. खाली काय आहे ते बघायला लोक थांबतात. फ्लेक्स त्याच रात्री उतरवा.