वजन जास्त असताना धावायला सुरुवात कशी करावी

नवरात्र संपली की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत टाचा, नडग्या आणि गुडघे धरून माणसं येतात. त्यांतले बरेच नव्वद-शंभर किलोंचे. वर्षभर खुर्चीत बसायचं आणि मग सलग नऊ रात्री अनवाणी, तीन-तीन तास गरबा. हीच मंडळी विचारतात, "ताई, एवढ्या वजनाने धावलं तर गुडघे जातील ना?" खरं सांगते, गरब्यात दुखतं त्याला वजनापेक्षा अचानकपणा जास्त कारणीभूत असतो. धावण्याचंही तेच. वजन जास्त असलं तरी बहुतेकांना धावता येतं, फक्त पहिल्या दिवसापासून नाही.

चालताना दर पावलाला पायावर वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त भार पडतो. धावताना तो दोन-तीन पट होतो. म्हणजे ९५ किलोंच्या माणसाच्या पायावर दर पावलाला दोनशे किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हा भार शरीर सोसायला शिकतं, पण सगळे अवयव एका वेगाने शिकत नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र महिने लागतात. "आता दम लागत नाही" म्हणून अंतर वाढवलं की नडगी धरते, ती यामुळेच.

आधी डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. १६५ सेंटीमीटर उंची आणि ९५ किलो वजन असेल तर तो ३५ च्या जवळ जातो. बीपी आणि साखर तपासा, ईसीजी लागेल का ते विचारा. चालताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल, तर त्याचा छडा लागेपर्यंत धावायचं नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोज ठेवा. तळपाय बधिर असतील तर अनवाणी अजिबात नको, आणि घरी आल्यावर तळवे नीट बघा. गुडघा सुजलेला असेल तर तूर्त सायकल किंवा पोहणं.

मग चाला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८७९ साली उभारलेली कमाटीबाग आपल्याला मिळाली आहे, तिचा फायदा घ्या. सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा उशीर नकोच. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाललात की जागतिक आरोग्य संघटना सांगते ती किमान १५० मिनिटं भरतात. हे दीड-दोन महिने नेमाने करा. सोबत आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं आणि भिंतीला धरून टाचा उचलणं. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि तो गाळणारेच परत माझ्याकडे येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही दुखत नाही अशी अवस्था आली की चार मिनिटं चालायचं, अर्धा मिनिट हळू धावायचं. असं पाच-सहा वेळा. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदाच. पावलं छोटी टाका. वेग इतकाच की शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता यावं. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी जास्त भरवशाची. वाढवायची तर एका वेळी एकच गोष्ट, वेळ किंवा दिवस.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मांड्या घासत असतील तर व्हॅसलिन आणि घट्ट, लांब शॉर्ट्स. बायकांनी आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यावीच, तिथे काटकसर नको.

लोक बघतील म्हणून कितीतरी बायका अंधारात धावायला जातात, याचं मला फार वाईट वाटतं. अंधारात खड्डा दिसत नाही, घोटा मुरगळतो. उजाडल्यावर जा, सोबतीला जाऊबाई किंवा मैत्रीण घ्या. बागेवर तुमचाही तेवढाच हक्क आहे.

नुसत्या धावण्याने वजन फारसं उतरत नाही, ताटाकडेही बघावं लागतं. पण एक किलो कमी झालं तरी चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी घटतो, म्हणून थोडक्या उतारालाही किंमत आहे.

स्नायू ठणकले आणि एक-दोन दिवसांत शांत झाले तर चालेल. लंगडावं लागलं, किंवा नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. मध्ये लग्नसराईत तीन-चार आठवडे खंड पडला, तर होतात तिथून पुढे जाऊ नका. एक आठवडा नुसतं चाला आणि अर्ध्या मिनिटापासून परत धरा.